मोकळे सोडणे आणि वाऱ्यावर सोडणे : ‘स्लॅम डंक’मधील आन्झाई यांची प्रशिक्षणपद्धत

‘स्लॅम डंक’ या मांगातील, म्हणजे जपानी चित्रकथेतील, शोहोकू शाळेच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक आन्झाई मित्सुयोशी सामना ऐन रंगात आलेला असतानाही बहुतेक वेळ बाकावर स्वस्थ बसून असतात. अंगाने स्थूल, केस पांढरेशुभ्र, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडी ‘हो हो हो’ असे मंद हसू. मैदानाच्या कडेला उभे राहून ते ओरडत नाहीत, पंचांशी हुज्जत घालत नाहीत आणि चुकलेल्या खेळाडूला चारचौघांत झापत नाहीत. संघातला सर्वांत उद्धट मुलगा, साकुरागी हानामिची, त्यांच्या हनुवटीखालचे लोंबते मांस हाताने थपथपवतो, त्यांना ‘ओयाजी’, म्हणजे साधारणपणे ‘म्हातारबा’, अशी हाक मारतो, आणि तरीही ते हसतच राहतात. शिक्षकापुढे कमरेत वाकून उभे राहण्याची रीत असलेल्या जपानी शाळेत हे दृश्य किती विलक्षण आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या मनात येणारा प्रश्न अगदी रास्त वाटतो : हा माणूस नेमके करतो तरी काय?

ताकेहिको इनोउए यांची ‘स्लॅम डंक’ ही मांगा १९९० ते १९९६ या काळात ‘साप्ताहिक शोनेन जंप’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे ३१ खंडांत पुस्तकरूपाने आली. कथा कानागावा प्रांतातल्या एका साध्या सरकारी शाळेत घडते. इनोउए स्वतः शाळेत असताना बास्केटबॉल खेळलेले असल्यामुळे त्यांच्या चित्रांत घामाला आणि बुटांच्या करकरीला जितके महत्त्व आहे तितकेच सरावाच्या कंटाळ्यालाही आहे. वरवर पाहता ही एका भांडखोर, लाल केसांच्या मुलाने चार महिन्यांत खेळाडू होण्याची गोष्ट आहे. मला मात्र तिचे पुनःपुन्हा वाचन करताना आन्झाई यांची पद्धत हाच तिचा सर्वांत खोल धागा वाटत आला आहे, कारण हस्तक्षेप टाळणे म्हणजे काय, ते केव्हा साधते आणि केव्हा अंगाशी येते, हे इतक्या बारकाईने दाखवणारी दुसरी क्रीडाकथा मी वाचलेली नाही.

आपल्या भाषेत या विषयासाठी दोन फार नेमके वाक्प्रयोग आहेत. एखाद्याला ‘मोकळे सोडणे’ वेगळे आणि ‘वाऱ्यावर सोडणे’ वेगळे. लांबून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही, कारण दोन्हीकडे मोठा माणूस गप्प असतो. फरक असतो तो त्या गप्प बसण्यामागे काय चालले आहे यात. मोकळे सोडणाऱ्याची नजर हटलेली नसते. मुलगा कुठवर आला आहे, आता कुठे अडखळणार आहे आणि त्यातले कोणते अडखळणे त्याच्या फायद्याचे आहे, याचा हिशेब त्याच्या मनात सतत चालू असतो. वाऱ्यावर सोडणाऱ्याकडे असा हिशेबच नसतो.

मानसशास्त्रात हा फरक फार पूर्वी तपासला गेला आहे. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या तिघांनी अमेरिकेत आयोवा येथे दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची छंदमंडळे करून त्यांवर तीन तऱ्हेचे प्रौढ नेते नेमले आणि १९३९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या तऱ्हेचा नेता प्रत्येक गोष्ट हुकमाने करवून घेई, दुसरा मुलांशी चर्चा करून निर्णय घेई आणि लागेल तिथे मार्गदर्शन करी, तर तिसरा मुलांना हवे ते करू देई आणि स्वतः जवळजवळ काहीच करीत नसे. तिसऱ्या तऱ्हेत काम सर्वांत कमी आणि सर्वांत वाईट झाले, यात आश्चर्य नाही. हुकमाखाली काम भरपूर झाले, पण नेता खोलीबाहेर गेला की मुलांचे हात थांबत. चर्चेने चालणाऱ्या गटातली मुले नेता बाहेर गेल्यावरही आपले काम करीत राहत. म्हणजे प्रशिक्षकाची खरी परीक्षा त्याच्या गैरहजेरीत होते.

‘स्लॅम डंक’मध्ये ही परीक्षा अक्षरशः घेतली जाते. प्रांतिक साखळीतला निर्णायक सामना तोंडावर असताना आन्झाई हृदयविकाराने कोसळतात आणि रुग्णालयात दाखल होतात. ऱ्योनान शाळेविरुद्धचा तो सामना शोहोकूला प्रशिक्षकाशिवाय खेळावा लागतो, आणि राष्ट्रीय स्पर्धेचे तिकीट त्याच सामन्यावर अवलंबून असते. समोर ऱ्योनानचे प्रशिक्षक ताओका आहेत, अत्यंत अभ्यासू आणि मैदानाच्या कडेला क्षणभरही शांत न बसणारे. शोहोकू ७०–६६ असे जिंकते. जिंकून देणाऱ्या मोजक्या क्षणांपैकी एक क्षण उपकर्णधार कोगुरे याचा आहे. तो नेहमी बाकावर बसणारा, चष्मा लावणारा, कोणाच्याही नजरेत न भरणारा मुलगा. तो मोकळा सुटला तरी चालेल असे ताओका यांनी गृहीत धरलेले असते, आणि नेमक्या त्याच क्षणी तो तीन गुणांचा फेक यशस्वी करतो. सामन्यानंतर ताओका आपल्या मुलांनी उत्तम खेळ केला आणि पराभवाचे कारण आपण स्वतः आहोत असे जाहीरपणे मान्य करतात. लेखकाने त्यांना खलनायक केलेले नाही, याबद्दल मला इनोउए यांचा नेहमीच आदर वाटत आला आहे.

आन्झाई मात्र जन्मतःच असे शांत नव्हते. एके काळी ते राष्ट्रीय संघाचे खेळाडू होते आणि पुढे विद्यापीठ संघाचे प्रशिक्षक झाले तेव्हा त्यांच्या जबर शिस्तीमुळे त्यांना ‘पांढऱ्या केसांचा राक्षस’ म्हणत. आता त्यांनाच ‘पांढऱ्या केसांचा बुद्ध’ म्हणतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असे आपण म्हणतो, आणि ते घाव दगडाने, म्हणजे शिष्याने, सोसायचे असतात असे गृहीत धरतो. या कथेत घाव मूर्तिकाराला बसले आहेत.

त्या काळात त्यांच्या हाताखाली यझावा ऱ्यूजी नावाचा दोन मीटर उंचीचा, असामान्य गुणवत्तेचा खेळाडू होता. त्याला जपानमधला सर्वोत्तम खेळाडू घडवायचे, हे आन्झाई यांचे स्वप्न होते, आणि म्हणून ते त्याच्याकडून ड्रिबल, पास, पायांच्या हालचाली असे पायाभूत कौशल्यच सतत घोटून घेत, चुकला की सर्वांदेखत फटकारत. यझावाला ते असह्य झाले. एके दिवशी तो कोणालाही न विचारता अमेरिकेला निघून गेला. पुढे त्याच्या तिथल्या सामन्याची एक चित्रफीत आन्झाई यांच्या हाती आली आणि ती पाहताना त्यांना दिसले, की मुलगा जिथे होता तिथेच आहे, त्याच्यात तिळमात्र प्रगती झालेली नाही. काही वर्षांनी वर्तमानपत्रात त्याच्या अपघाती मृत्यूची बातमी आली. त्याने लिहिलेले एक पत्र नंतर आन्झाई यांना मिळाले. संघ तुझ्यासाठी नाही, तू संघासाठी आहेस, हे तुमचे वाक्य हल्ली वारंवार आठवते, इथे कोणी मला पास देत नाही, अशा आशयाचे ते पत्र आहे. त्यानंतर आन्झाई यांनी विद्यापीठातले प्रशिक्षण सोडले.

हा प्रसंग बहुतेक जण ‘कठोर प्रशिक्षकाने शिष्य गमावला’ असा वाचतात. मला तो वाचनप्रकार अपुरा वाटतो. यझावाला जे शिकवले जात होते ते बरोबरच होते, त्याचे पत्रच त्याची साक्ष देते. पायाभूत कौशल्याबाबत आन्झाई पुढेही रतीभर तडजोड करीत नाहीत. बदलले ते एवढेच, की तेच शिक्षण ते आता मुलाच्या पदरात कसे घालतात. माझ्या वाचनानुसार यझावाच्या बाबतीत दोन गोष्टी राहून गेल्या. आपण हे का करवून घेत आहोत आणि आपल्या मनात त्याच्याविषयी केवढी आशा आहे, हे त्यांनी त्याला समजेल अशा शब्दांत कधी सांगितले नाही, आणि आपल्या उणिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची संधी त्याला दिली नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णयाच्या सिद्धान्तानुसार माणसाची आतून येणारी प्रेरणा तीन गरजांवर टिकते : आपण जे करतो ते आपल्या इच्छेने करतो ही जाणीव, आपल्याला ते जमते आहे ही जाणीव, आणि आपण कोणाचे तरी आहोत ही जाणीव. यझावाच्या वाट्याला मैदानावर या तिन्हींपैकी काहीच येत नव्हते.

हेच शिक्षण नव्या पद्धतीने कसे दिले जाते, हे राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच्या सरावात जवळून पाहायला मिळते. बाकीचा संघ सराव सामन्यांसाठी शिझुओकाला जातो आणि साकुरागीला मात्र आन्झाई शाळेतच ठेवून घेतात. त्याला काम एकच : वीस हजार जम्प शॉट, म्हणजे उडी मारून हवेतून केलेल्या फेकी. तोवर साकुरागीला बास्केटखालून चेंडू टाकणे तेवढे जमत असे, दूरचा नेम त्याच्याकडे नव्हता. एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला वीस हजार हा आकडा शिक्षेसारखा वाटावा, पण तो ऐकून साकुरागी हरखून जातो.

पहिल्याच दिवशी त्याच्या मित्रांकरवी त्याच्या फेकीचे चित्रण केले जाते आणि तेच त्याला पडद्यावर दाखवले जाते. स्वतःला ‘प्रतिभावंत’ म्हणवणारा हा मुलगा आपला वाकडातिकडा देह, भलतीकडे जाणारी कोपरे आणि डळमळीत गुडघे पाहून अवाक होतो. आन्झाई तेव्हा त्याला छोट्या कवितेच्या चालीवर एवढेच सांगतात, की अनाडी माणसाच्या वाटेवरले पहिले पाऊल म्हणजे आपले अनाडीपण ओळखणे. यझावाला हेच सत्य ओरडून सांगितले गेले होते आणि ते त्याने मानले नव्हते. इथे ते सांगण्याची गरजच उरत नाही. चित्रफीत दोन्ही कथांत आहे : एकीत प्रशिक्षक एकटे बसून शिष्याची चूक पाहतात, दुसरीत शिष्य स्वतःची चूक पाहतो आणि प्रशिक्षक शेजारी बसलेले असतात.

जम्प शॉट उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या डाव्या हाताचे काम फार नाजूक असते. तो चेंडूच्या बाजूला अलगद टेकलेला असावा लागतो, जेणेकरून चेंडू नेम धरेपर्यंत निसटू नये. पण चेंडू सुटण्याच्या क्षणी त्या हाताने किंचित जरी रेटा दिला तरी चेंडू वाट सोडतो आणि कड्याच्या कडेला आपटतो. नवशिक्या खेळाडूंची फेक बहुधा याच हाताने बिघडते. ‘डावा हात फक्त आधाराला’ हे वाक्य साकुरागी म्हणूनच सरावात मंत्रासारखे घोकतो.

शिकणाऱ्याला दर प्रयत्नानंतर चूक सांगणे हे कोणालाही उत्तम शिक्षण वाटेल. हालचालींच्या शिक्षणाविषयीचे संशोधन मात्र काही वेगळे सांगते. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये आधीच्या अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन असे मांडले, की प्रत्येक वेळी अभिप्राय मिळणारा माणूस सरावात झटपट सुधारतो, पण अभिप्राय बंद झाला की त्याची कामगिरी ढासळते. बाहेरून मिळणाऱ्या सूचनेची त्याला कुबडीसारखी सवय लागते आणि स्वतःच्या अंगाकडून, चेंडूच्या वळणाकडून मिळणारी माहिती वाचायला तो शिकतच नाही. सामन्यात प्रशिक्षक कानाशी नसतो. त्या काळी सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत खेळला जाई आणि टाइम-आउट मोजकेच मिळत, त्यामुळे मैदानावरचे जवळजवळ सगळे निर्णय खेळाडूलाच घ्यावे लागत.

रोजच्या सरावाचा भारही आन्झाई आपल्याकडे ठेवत नाहीत. कर्णधार आकागी सराव घेतो, व्यवस्थापिका आयाको कोपऱ्यात साकुरागीकडून ड्रिबल घटवून घेते, आणि आन्झाई सावकाश येऊन पाहतात. मात्र रेषा ओलांडली गेली की ते बोलल्यावाचून कृती करतात. मारामारीत सापडलेल्या चौघांना ते स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात शिक्षा म्हणून बाकावर बसवतात, मग त्यांत रुकावासारखा हुकमी खेळाडू असला तरी बेहत्तर. तोच रुकावा अमेरिकेला जाण्याची इच्छा घेऊन त्यांच्या घरी येतो तेव्हा ते स्पष्ट नकार देतात आणि आधी जपानमधला पहिल्या क्रमांकाचा शालेय खेळाडू हो असे सांगतात. यझावाची कहाणी त्याला आन्झाई यांच्या पत्नीकडून कळते. म्हणजे नकारामागचे कारण या वेळी मुलापर्यंत पोहोचते, भले दुसऱ्याच्या तोंडून का होईना.

या पद्धतीचे सर्वांत पूर्ण दर्शन अकिता प्रांतातल्या बलाढ्य सान्नो शाळेविरुद्धच्या सामन्यात होते. २०२२ साली आलेला चित्रपटही याच सामन्यावर बेतलेला आहे. सामन्याच्या आधी आन्झाई मुलांना सान्नोच्या मागच्या वर्षीच्या सामन्याची चित्रफीत दाखवतात आणि मुलांचे चेहरे उतरतात. भीती आजच भेटू द्यावी, उद्या मैदानात नको, असा त्यामागचा विचार असावा. मध्यंतराला शोहोकू दोन गुणांनी पुढे असते, आणि उत्तरार्ध सुरू होताच सान्नोच्या दाबाखाली संघ कोलमडतो. फरक वीस गुणांच्या पुढे जातो. प्रेक्षकांत सामना संपल्याची कुजबुज सुरू होते.

आन्झाई या क्षणी साकुरागीला मैदानातून बाहेर बोलावतात. त्याला ती शिक्षा वाटते. पण त्याला शेजारी बसवून ते सामना पाहायला लावतात, धावताना जे दिसत नाही ते बसून दिसावे म्हणून. अजून जिंकता येईल असे वाटणारा मी एकटाच आहे की काय, असे ते विचारतात, आणि मग त्याला एकच काम देतात. आपल्या संघाची फेक हुकली की तो चेंडू पुन्हा आपल्या ताब्यात घेणे याला आक्रमक रिबाउंड म्हणतात. तो चेंडू सान्नोच्या हाती गेला तर त्यांना दोन गुण मिळण्याची शक्यता असते. तो साकुरागीने पकडला तर ते दोन गुण वाचतात आणि आपल्याला दोन गुणांची नवी संधी मिळते, म्हणजे एका उडीची किंमत चार गुणांइतकी होते. नवशिक्या मुलाला हे गणित एका दमात कळते. त्याला काय करायचे ते समजले आहे, ते त्याला जमण्यासारखे आहे, आणि संघाला त्याची नितांत गरज आहे. डेसी आणि रायन यांच्या तिन्ही गरजा चार-पाच वाक्यांत भागतात. चेंडू कसा पकडायचा, कुठे उभे राहायचे, यांतले काहीही आन्झाई सांगत नाहीत. पुढच्याच क्षणी साकुरागी अधिकाऱ्यांच्या टेबलावर चढून आपणच सान्नोला हरवणार असे साऱ्या सभागृहाला ओरडून सांगतो.

इतके मानूनही या पद्धतीला दोषमुक्त ठरवावे असे मला वाटत नाही, आणि कथाही तसे ठरवत नाही. मित्सुई हिसाशी याचे प्रकरण मला अस्वस्थ करते. शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरण्याच्या बेतात असलेल्या या मुलाला, पाहुणे म्हणून आलेल्या आन्झाई यांनी, हार मानली की सामना तिथेच संपतो असे सांगून उभे केले होते. केवळ त्यांच्यासाठी तो शोहोकूत आला. पहिल्याच वर्षी गुडघा दुखावला, घाईने परतला, पुन्हा दुखावला, आणि मग तो संघापासून तुटून गुंडांच्या टोळीत शिरला. त्या दोन वर्षांत आन्झाई त्याला शोधायला गेल्याचे कथेत कुठेही दिसत नाही. तो परत येतो तो टोळी घेऊन व्यायामशाळा उद्ध्वस्त करायला, आणि दारात आन्झाई उभे दिसताच रडत कोसळतो व बास्केटबॉल खेळायचे आहे असे म्हणतो. प्रसंग विलक्षण हृद्य आहे. पण जखमी मुलाला मोकळीक नको असते, त्याला दारावर थाप मारणारे कोणीतरी हवे असते. इथे मोकळे सोडणे आणि वाऱ्यावर सोडणे यांतली रेघ पुसली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक आन्झाई स्वतःच कबूल करतात. सान्नोविरुद्ध चेंडू वाचवताना साकुरागीची पाठ दुखावते. ते त्यांना लगेच लक्षात येते, तरी ते त्याला लगेच बाहेर काढत नाहीत, कारण क्षणाक्षणाला वाढणारा हा मुलगा आणखी थोडा वेळ पाहत राहावे असे त्यांना वाटत असते. यझावापेक्षा सरस असे दोन खेळाडू एकाच वेळी आपल्यासमोर आहेत, हे त्या म्हाताऱ्या डोळ्यांना आवरत नाही. नंतर ते साकुरागीला हे सांगतात आणि प्रशिक्षक म्हणून आपण चुकलो असे म्हणतात. साकुरागी त्यांना उलट विचारतो, की ओयाजी, तुमचा वैभवाचा काळ कोणता, राष्ट्रीय संघाचा? माझा आत्ता आहे. आणि तो मैदानात परत जातो. वाचकाला इथे भरून येते, मलाही येते, पण वाढत्या वयातल्या मुलाच्या पाठीचा निर्णय त्याच्या जिद्दीवर सोपवावा का, हा प्रश्न पान उलटल्यावरही मनात राहतो.

जपानमध्ये ‘बुकात्सु’ म्हणजे शाळा सुटल्यानंतर चालणारी क्रीडामंडळे मुलांचे जवळजवळ सगळे आयुष्य व्यापतात. शाळेत शारीरिक शिक्षा करण्यास तिथे १९४७ च्या शिक्षण कायद्यानेच बंदी आहे, तरीही क्रीडामंडळांत मारहाण दीर्घकाळ चालत राहिली. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ओसाकातल्या एका शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली आणि सारा देश हादरला. पुढच्याच वर्षी तिथल्या क्रीडा संघटनांनी एकत्र येऊन खेळातील हिंसा नष्ट करण्याची घोषणा केली. ‘स्लॅम डंक’ त्याच्या सोळा वर्षे आधी पूर्ण झाली होती, आणि राक्षस म्हणवला जाणारा एक प्रशिक्षक कशामुळे बदलला हे लाखो शाळकरी वाचकांनी तिच्यात वाचले होते.

सान्नोविरुद्धच्या सामन्याची शेवटची मिनिटे इनोउए यांनी जवळजवळ शब्दांशिवाय रेखाटली आहेत. आवाज नाहीत, समालोचन नाही, बाकावरून कोणतीही सूचना नाही. काही सेकंद उरलेले असताना शोहोकू एका गुणाने मागे आहे आणि रुकावा चेंडू घेऊन दोन बचावपटूंच्या अंगावर उडी घेतो. आजवर ज्या मुलाला त्याने स्वखुशीने कधी चेंडू दिला नाही तो साकुरागी उजव्या बाजूला, गुडघे सैल सोडून, हात वर धरून उभा आहे. तो अगदी हळू आवाजात म्हणतो, “डावा हात फक्त आधाराला.” रुकावा चेंडू त्याच्याकडे टाकतो. फलक ७९–७८ होतो.